उत्तरेकडची सावली

थोरलीनं पोरीच्या तोंडात बोट घालून हिरवा चोथा बाहेर ओढला. आणखी काही आत राहिलंय का ते बघायला पुन्हा बोट घातलं, तेव्हा ठमीनं टाहो फोडला. फरशीवर पानाचा उरलेला तुकडा पडला होता. त्याच्या कडेला इवल्या दातांची खूण स्पष्ट दिसत होती.

तिनं पोरीला नळाखाली धरून तोंड धुतलं. ओठ बघता बघता टरारून आले. लाळ थांबेना. थोरलीनं तो तुकडा मुठीत घेतला, ठमीला खांद्यावर टाकलं आणि दाराला कडीसुद्धा न घालता ती रस्त्यावर आली.

दुपारचा रस्ता चुलाणासारखा तापला होता. दवाखाना पलीकडच्याच गल्लीत, पण तेवढं अंतर तिला सरता सरेना. पोरीचं रडणं मध्येच थांबलं की ही तिला हलवून बघायची. रडत होती तोवर निदान श्वास चालू आहे हे कळत होतं.

ठमी तिच्या धाकट्या जावेची मुलगी. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. निघताना ती पोरीला वरच्या मजल्यावरून खाली आणून थोरलीच्या कडेवर द्यायची आणि संध्याकाळी परत न्यायची. थोरलीला मूलबाळ नव्हतं. घरात त्यावर कुणी बोलत नसे, आणि ठमी रांगायला लागल्यापासून थोरलीला स्वतःशीही बोलायला सवड नव्हती. पण गेल्या रविवारी धाकटी आणि तिचा नवरा दुकानाजवळचं पाळणाघर बघून आले होते. सहज, असं धाकटी म्हणाली होती. ताई, तुमचीही किती ओढाताण होते. थोरलीनं मान डोलावली होती, आणि ती उठून मागच्या पडवीत कुंड्यांना पाणी घालायला गेली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी ठमीचा श्वास ऐकला, मग जिभेवर उजेड पाडून घसा बघितला.

"काय खाल्लं?"

थोरलीनं मूठ उघडली. पानाच्या चिकानं तिचे तळहातही खाजत होते.

"कॅला लिली आहे. घरची."

बाईंनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. हे चावलं की तोंडात बारीक सुया टोचल्यासारखं होतं, त्यामुळे मुलं सहसा गिळत नाहीत, असं त्या म्हणाल्या. घशाला सूज दिसत नाही, पण पोरीला इथंच ठेवू, नजरेखाली. त्यांनी थंड दूध चमच्यानं पाजायला सांगितलं. पहिला चमचा ठमीनं फुर्रकन उडवला. दुसरा ओठांवरून ओघळला. तिसरा गिळल्याचा आवाज आला तेव्हा थोरली भिंतीला टेकली.

मग तिनं धाकटीला फोन केला. घाबरण्यासारखं काही नाही, असं सांगितलं. त्यानंच धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं असणार. ती आली तेव्हा दुकानातला पांढरा कोट तिच्या अंगावर तसाच होता. तिनं थोरलीकडे बघितलंही नाही. पोरीला उचललं, तिचे सुजलेले ओठ अंगठ्यानं चाचपले आणि जे काही विचारायचं ते डॉक्टरांनाच विचारलं.

सूज उतरेपर्यंत दोघी एका बाकावर बसून होत्या. ठमी आईच्या खांद्यावर झोपली. धाकटी तिच्या पाठीवर हात ठेवून प्रत्येक श्वास मोजल्यासारखी बसली होती. थोरलीला वाटत होतं, ही काहीतरी बोलू दे, चार शब्द लागट बोलली तरी चालतील.  परतीच्या वाटेवर धाकटी पोरीला घेऊन चार पावलं पुढेच चालली.

घराचं दार सताड उघडं होतं. धाकटी थेट मागच्या पडवीत गेली. उत्तरेच्या भिंतीलगत दिवसभर सावली असायची, तिथं कुंड्या मांडल्या होत्या. असल्या कोरड्या, भाजून काढणाऱ्या हवेत हे झाड टिकत नाही, असं रोपवाटिकेवाल्यानं विकतानाच बजावलं होतं. पहिल्या खेपेचे कंद पाणी जास्त होऊन कुजले. दुसऱ्या खेपेची पानं झळांनी करपली. थोरली मात्र हटून बसली. तिनं चोहोबाजूंनी गोणपाटं टांगली, दुपारभर ती शिंपडून ओली ठेवली, मातीवर वाळक्या पालापाचोळ्याचा थर दिला. या घरात माणसांना पंखा आणि कुंड्यांना कूलर, असं तिचा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

मधल्या कुंडीत पहिली कळी सुटत होती. पांढऱ्या कागदाचा पुडा वळावा तशी, टोकाशी अजून जराशी हिरवी.

"मी हिच्याकडे बघत होते," थोरली म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. "ठमी माझ्या पाठीमागे खेळत होती. मी वळून बघितलंच नाही. किती वेळ, तेही सांगता येणार नाही."

धाकटीनं कळीकडे बघितलं. मग पोरीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"ही इथं नाही ठेवता यायची, ताई."

"टाकून देते. आत्ताच टाकते."

"टाकायची कशाला? एवढी मरमर करून आणलीत. गच्चीवर नेऊ. तिथल्या दाराची कडी हिच्या हाताला यायची नाही." तिनं पोरीची मान खांद्यावर नीट केली. "उद्या मला दुकान लवकर उघडायचंय. ही उठली नसेल तर झोपेतच तुमच्याकडे आणून ठेवते."

 थोरलीनं पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

धाकटीनं ठमीला आत निजवलं, दार ओढून घेतलं आणि कोटाच्या बाह्या सारल्या. दोघींनी एकेक कुंडी धरून जिन्यानं वर नेली. कुंड्या जड होत्या, दोघींना मध्ये टेकावं लागत होतं. टेकल्यावर धाकटी दंडाला घाम पुसायची आणि म्हणायची, चला. कळीची कुंडी थोरलीनं शेवटी ठेवली होती. ती तिनं एकटीनं उचलली.

ऊन कललं होतं, तरी गच्चीची फरशी चपलांमधून पोळत होती. वारा कोरडा, सुसाट. कठड्याशिवाय कसला आडोसा नव्हता. आधी आणलेल्या कुंड्यांतली पानं एवढ्यातच माना टाकायला लागली होती. धाकटीनं त्या कठड्याशी ओळीनं मांडल्या, एक जरा सरळ केली आणि मागे सरून बघितलं. दुपारनंतर पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला होता.

"खाली सगळा अंधारच होता," ती म्हणाली. "इथं ऊनही मिळेल त्यांना."

थोरलीनं कुंडी ओळीच्या टोकाला ठेवली. कळी वाऱ्यानं वाकत होती.

"हो," ती म्हणाली. "भरपूर मिळेल."

मग तिनं धाकटीला पुढे जाऊ दिलं आणि गच्चीच्या दाराला जिन्याकडून कडी घातली. खाली ठमी जागी होऊन कुरकुरत होती.