पाठीचं कापड

शिंप्यानं तिसऱ्यांदा खिसा उसवला, पट्टी लावून पाहिली आणि बोटभर मोठा धरून पुन्हा टाचण्या लावल्या. कोट काळा होता. पुढून नवरदेवालाही शोभला असता. मागून मात्र त्याला काहीच नव्हतं.

या कामाची रीतच तशी होती. पस्तीस वर्षं तो मेलेल्यांचे कपडे शिवत आला होता. गिऱ्हाईक गुणी. ट्रायलला येत नाही, बाही तोकडी झाली म्हणून भांडत नाही. ताठलेल्या अंगावर कपडा पुढून चढवायचा, कडा अंगाखाली खोचायच्या, मानेमागं नाडी बांधायची, झालं. एकदा निजवल्यावर पाठ कोण बघतो? त्यामुळे पाठ नसायची. खिसे तर नसायचेच.

काजं-बटणं बायको करायची. एकदा दातानं दोरा तोडता तोडता ती म्हणाली होती, "अहो, न्यायाच्या दिवशी शेवटचा कर्णा वाजला आणि ही मंडळी कबरीतून उठून उभी राहिली म्हणजे?"

"मग काय?"

"पाठी उघड्या की सगळ्यांच्या!"

"सगळे ओळीनं पुढं बघत असतील. आणि मागचा हसेल कोणत्या तोंडानं? त्याचीही उघडीच."

ती पोट धरून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "चेष्टा पुरे. मी तर उठणार आहे बाई." उद्या सकाळी पाणी लवकर येणार आहे, हे सांगावं तशा आवाजात.

गेल्या वर्षी ईस्टरसाठी तिनं निळं कापड आणलं होतं, बारीक पांढऱ्या फुलांचं. ते बेतायच्या आधीच, ईस्टरच्या आठवड्यात बुधवारी पहाटे ती गेली. गुड फ्रायडेच्या आत माती द्यायची म्हणून शिंपी तेच कापड घेऊन मशीनवर बसला. हात म्हणजे घाण्याचा बैल. डोळे बांधले तरी वाट सोडत नाही. कबरस्तानातून परतल्यावर त्याला टेबलावर उरलेलं कापड दिसलं. पाठीचं. अख्खं.

त्यानंतर तो चर्चमध्ये गेला नव्हता.

दार ढकलून लेक आत आली. तिच्या हातात फुलांची पिशवी होती.

"बाबा, उद्या ईस्टर, पहाटे पाचला. उपासना कबरस्तानातच आहे. पाळक विचारत होते, तुम्ही त्यांच्यावर रागावलाय की देवावर?"

"दोघंही गिऱ्हाईक आणून देतात. मी कशाला रागावू?"

"बाबा, वर्ष झालं."

शिंप्यानं तोंडातली टाचणी काढून टाचण्यांच्या उशीत खोचली.

"तुझी आई उघड्या पाठीनं गेली," तो म्हणाला. "मीच तशी पाठवली. सवयीनं."

लेक पिशवी धरून उभीच राहिली. असं काही घरात चाललं असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"बाबा, प्रभूच्या कबरीत तागाची वस्त्रं नुसती पडून होती," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "तो ती टाकूनच उठला. तुम्ही कपड्यांचं काय घेऊन बसलात?"

"मग बाहेर काय घालून उभा होता?"

"म्हणजे?"

"कबरीपाशी रडणाऱ्या मरीयेला तो माळी वाटला. उघड्या माणसाला कोणी माळी समजत नाही. अंगावर काहीतरी धड होतंच. शिवलं कोणी, तेवढं लिहायचं राहून गेलं."

वर्षभर चर्चची पायरी न चढलेल्या माणसाचा हा अध्याय बराच पक्का होता. मशीनच्या कडेला आईचं बायबल होतं, आणि त्यात खूण म्हणून शिंप्याचा खडू.

लेकीनं विषय बदलायला कोट उचलला. "हा कोणाचा?"

"आहे एक म्हातारा."

तिनं तो खांद्यांना धरून उजेडाकडे केला. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर उतरता होता. असा खांदा तिच्या पाहण्यात एकच होता, मशीनवर वाकून वाकून झालेला. ती स्टुलावर बसली.

"डॉक्टर काही बोलले का?"

"डॉक्टर कशाला बोलायला हवा? कॅलेंडर आहे की घरात."

तिचा हात टाचलेल्या खिशाशी थांबला. "याला खिसा? कफनाला खिसा नसतो, हे तुम्हीच सगळ्यांना ऐकवायचात."

तिनं खिशात हात घातला. आत घडी केलेलं निळं कापड होतं, बारीक पांढऱ्या फुलांचं. कडा दुमडून शिवलेल्या होत्या. काजं शिंप्यानं स्वतः केली होती आणि ती वाकडी झाली होती. एका कोपऱ्यात सुई खोचलेली, निळा दोरा ओवलेली.

बाहेर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

"तुमच्या कोटालाही पाठ नाही, बाबा."

"ते ती बघेल. नाहीतरी काजांवरून बोलणारच आहे, बोलता बोलता शिवून टाकेल."

लेकीनं सुई काढली आणि दोरा ताणून पाहिला. जेमतेम हातभर होता.

"एवढ्यात नाही व्हायचं. आई अंगानं भरलेली होती."

तिनं खणातून निळं रीळ काढलं, सुईतला दोरा काढला आणि रिळाचा चांगला लांब ओढून ओवायला घेतला. सुईचं नेढं दोनदा चुकलं. तिनं बाहीनं डोळे पुसले, मग दोरा आत गेला. दोरा मात्र तिनं तोडला नाही. रिळासकट सगळं कापडात गुंडाळलं आणि वडिलांसमोर धरलं.

"रीळ मावायचं नाही," शिंपी म्हणाला. "खिसा पुन्हा उसवावा लागेल."

"मग उसवा," ती म्हणाली. "आणि पहाटे पाचला तयार राहा."

शिंप्यानं रीळ टेबलावर आडवं ठेवलं, आणि पट्टी उचलून त्याचं माप घेतलं.