दोन मशिनींचं साटंलोटं

अ‍ॅम्प्लिफायर हा शब्द आमच्या देवासच्या घरात कुणी वापरत नसे. सगळे 'मशीन' म्हणत. आता मशीन 'ते' की 'ती', हा वाद घालायला कुणाला वेळ होता? माझा धाकटा भाऊ शरद हिंदी शाळेत शिकलेला, त्यामुळे ती 'ती' झाली आणि 'ती'च राहिली. पुढचा सगळा घोटाळा त्या एका 'ती'नं केला.

साल ब्याऐंशी. शरद दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात. मी शाळेत शिकवायची आणि हवाईयन गिटार वाजवायची. मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून स्टीलचा दांडा सरकवत. आमची मशीन वॉल्व्हची होती, इंदूरच्या एका क्लबानं काढून टाकलेली. लाकडी खोका, उचलताना दोन माणसं लागायची. बटण दाबलं तरी लगेच बोलायची नाही. आधी आतले काचेचे वॉल्व्ह तापून लाल व्हायचे, मग जरा घरघर, आणि मग दोनतारी पाकासारखा लांबत जाणारा आवाज. त्या आवाजावर माझा जीव होता.

शरदला ती नको होती. "ताई, बसच्या टपावर चढवताना कंबर मोडते यार. वॉल्व्ह गेला की इंदूरला पळा." धारच्या नीलकंठकडे नवीकोरी ट्रान्झिस्टरची मशीन होती. नीलकंठचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तो स्वतःही गिटार वाजवायचा, आणि त्याला नेमकी वॉल्व्हचीच हवी होती. हाटपिपल्याच्या एका कार्यक्रमात दोघांची गाठ पडली आणि अदलाबदलीचं ठरवूनच शरद घरी आला.

मी आकाशपाताळ एक केलं. त्या गणपतीत मला पहिल्यांदाच सोलो मिळाला होता. तोवर मी गाणाऱ्यांच्या मागे वाजवायची. बोटं माझी असली तरी गोडवा मशीनचा, असा माझा पक्का समज. ती गेली तर स्टेजवर माझी फजितीच होणार होती. शेवटी शरद म्हणाला, "दोन्ही शेजारी ठेवून ऐकू. तुला नाही पटली तर कॅन्सल." मी हो म्हटलं. पटवून घ्यायचं नाही, हे मनात आधीच ठरलेलं होतं.

त्याच आठवड्यात अक्का एका मुंजीसाठी धारला निघाली. अक्का म्हणजे आमची आत्या; आईवडील गेल्यावर तिनंच आम्हा दोघांना वाढवलं. मी शाळेत होते तेव्हा शरदनं तिच्याकडे निरोप दिला. नंतर दोघांकडून ऐकलं ते असं.

"अक्का, नीलकंठच्या घरी सांग, साटंलोटं करायचं आहे. आपली जुनी आहे, वजनाला भारी आहे, तापायला वेळ घेते. पण एकदा तापली की मग आवाज ऐका म्हणावं!"

"वेळ कुठला रे," अक्का म्हणाली, "लगेच तापते."

"त्यांची नवी आहे, हलकी-फुलकी. मला एकदम पसंत आहे."

"तू पाहिलीस कधी?"

"हाटपिपल्याला. हात लावून पाहिली ना."

"हात लावून?"

"मग? हात लावल्याशिवाय काय कळणार, अक्का?"

कुठून तरी ऐकलेला 'साटंलोटं' हा शब्द अदलाबदलीसाठी वापरून आपण अस्सल मराठी बोललो, अशा ऐटीत शरद ड्यूटीला गेला. आणि अक्का, जिच्या मराठीत साटंलोटं म्हणजे आपली मुलगी त्यांच्या घरी आणि त्यांची मुलगी आपल्या घरी, ती डोळे पुसत धारच्या बसमध्ये चढली. सव्वीस वर्षांच्या तापट भाचीचं आणि लाजऱ्या भाच्याचं एका झटक्यात जमत होतं. तिचा आनंद मला आजही कळतो.

रविवारी नीलकंठ आला. खांद्यावर मशीन, घामाघूम, आणि मागून त्याची आई, उमाबाई. आई टेकडीवरच्या देवीच्या दर्शनाला आली आहे, असं तो म्हणाला, आणि त्याला खरोखर तेवढंच माहीत होतं. उमाबाईंच्या पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती. देवीसाठी असेल, असं मला वाटलं. अक्का सकाळपासून शिरा भाजत होती, त्याचंही मला नवल वाटलं नाही. ती पाहुण्यांचं नेहमीच फार करायची.

दोन्ही मशिनी टेबलावर शेजारी ठेवल्या. नीलकंठनं आपली लावून चालू केली. शरदनं आमच्या मशीनची विजेची वायर काढली, मागची फळी उघडून वॉल्व्ह दाखवले. नीलकंठ पेचकस हातात घेऊन वाकून बघत राहिला. त्याचं बोलणं सरळ होतं. "बाजारात माझी महाग आहे भिया, खोटं कशाला बोलू? पण आवाजात तुमची भारी. आणि मला वॉल्व्हची चिंता नाही. धारमध्ये लोक जुने रेडिओ माझ्याकडेच टाकून जातात."

उमाबाई खुर्चीवर बसून माझ्याकडेच बघत होत्या. त्या शरदला म्हणाल्या, "जुनी म्हणालात, पण तशी वाटत नाही हो."

"पॉलिश केलंय ना, काकू," शरद खोक्यावर हात फिरवत म्हणाला.

उमाबाईंनी माझा चेहरा जरा निरखून पाहिला. "याआधी कुठे दाखवली होती?"

"दोन-तीन ठिकाणी. पण वजन बघूनच लोक परत जातात."

"वजनाचं आम्हाला काही नाही," उमाबाई मायेनं म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून नारळ काढला, हळदकुंकवाची पुडी काढली, आणि उठून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "पदर पुढे कर, मुली." मग शरदकडे वळल्या. "आमची लेक इंदू तर तुम्हाला पसंतच आहे. हात लावून पाहिलीत म्हणे!"

शरद पांढराफटक पडला. नीलकंठच्या हातून पेचकस खाली पडला.

मला समजायला एक क्षण लागला, आणि मग मात्र माझ्या तोंडाला लगाम राहिला नाही. "मी काय मशीन आहे? एक द्या, एक घ्या? जुनी आहे, जड आहे, खपत नाही, म्हणून जोडीला भाऊ लावून द्या?" मला फार लागलं होतं. वजनाचं तर लागलंच होतं, पण अक्काला मी घरात पडून राहिलेली वस्तू वाटते, हे जास्त लागलं.

"आई," नीलकंठ कसाबसा म्हणाला, "मशीन बदलायची आहे. माणसं नाही!"

"अहो, अक्कांनीच साटंलोटं म्हटलं!"

"मी कशाला म्हणेन? हा म्हणाला!"

"साटंलोटं मतलब अदला-बदली ना?" शरद रडवेला झाला.

अक्कानं कपाळावर हात मारून घेतला. "मुडद्या, मराठी शाळेत घातलं असतं तर आज ही वेळ आली नसती."

"तरी इंदू म्हणत होती," उमाबाई हळूच म्हणाल्या, "मी काही कुणाच्या बदल्यात जायची नाही, तुला हौस असेल तर तू जा."

त्या न पाहिलेल्या इंदूबद्दल मला त्या क्षणी फार प्रेम वाटलं. पण राग उतरेना. बोलून भागणार नव्हतं. मी गिटार मांडीवर ओढली, गिटारच्या वायरची लोंबणारी पिन समोरच्या मशीनमध्ये खुपसली, डोळे मिटले आणि वाजवायला लागले. गणपतीसाठी बसवलेला यमन होता. सुरुवातीला नुसती चिडचिड वाजत होती. मग दांडा गंधारावर ठरला आणि तो आवाज आला, लांबत जाणारा, पाकासारखा. माझा राग त्यात विरघळत गेला. अपमान विसरले, पाहुणे विसरले. ही मशीन मी कुणाला देणार नाही, एवढं मात्र मनात घट्ट धरून वाजवत राहिले.

डोळे उघडले तर शरद तोंड उघडं टाकून टेबलाकडे बघत होता.

आमची जुनी मशीन तशीच होती. मागची फळी उघडी, वायर जमिनीवर, वॉल्व्ह थंड. पिन नीलकंठच्या नव्या मशीनमध्ये होती.

मला हसू आलं आणि रडूही. इतकी वर्षं माझंच वाजवणं मी त्या खोक्याचं समजत होते. तापायची गरज होती ती मला. मशीनचं काय, कुठलीही चालली असती! इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, आणि तो लपवावा असंही वाटलं नाही.

"जुनी घेऊन जा," मी म्हटलं.

नीलकंठनं मान हलवली. "नलिनीजी, खरं सांगतो, बाजार काही म्हणो, तुमची जास्त मोलाची आहे. माझा फायदा होतोय. नंतर वाईट वाटेल तुम्हाला."

"वाईट वाटायचं होतं ते वाटून झालं. गणपतीत ऐकायला या, तुमच्या मशीनवरच वाजवणार आहे."

"येईन ना," तो म्हणाला, आणि लगेच आईकडे बघून म्हणाला, "एकटा येईन."

उमाबाईंनाही हसू फुटलं. शिरा सगळ्यांनी खाल्ला. तो बिचारा कशाला वाया जाऊ द्यायचा? निघताना त्यांनी नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हा ठेवू, की परत नेऊ?"

मी दाराकडे वळले. शरद आणि नीलकंठ जुनी मशीन दोन्ही बाजूंनी उचलून दाराशी आले होते. माझं तिच्यावरचं प्रेम काही एका दुपारीत आटणार नव्हतं. मी नीलकंठला म्हटलं, "तापायला वेळ द्या तिला. घाई केलीत तर नुसती घरघरते."

त्यानं खोका सावरला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "देईन ना वेळ," तो म्हणाला. "मला काही घाई नाही."

ते गेल्यावर अक्कानं नारळ देवापाशी नेऊन ठेवला. फोडू नकोस, असं मी तिला बजावलं. परत पाठव, असं मात्र म्हटलं नाही.