सहानुभूतीची उमेदवार

आमदार बबनराव वारले आणि चार महिन्यांत पोटनिवडणूक लागली. पक्षाने तिकीट त्यांच्या पत्नीला, पुष्पलताबाईंना दिले. वस्तीतल्या बायकांची रेशनपासून नळापर्यंतची गाऱ्हाणी वीस वर्षे त्याच निस्तरत होत्या, पण तिकीट त्यासाठी नव्हते. फलकावर त्या पांढऱ्या साडीत, मोकळ्या कपाळाने हात जोडून उभ्या होत्या.

"टिकली नोका लावू, वहिनी. लोकायले दुःख दिसलं पायजे," धाकटे दीर महादेवराव म्हणाले. बाईंनी तेही गिळले. त्यांना निवडून यायचे होते.

संक्रांतीनंतर हुडकेश्वरला प्रचाराचे हळदीकुंकू ठरले. आचारसंहिता आडवी येत होती, म्हणून वाणाला प्रसाद म्हणायचे ठरले. पाचेकशे बायका जमल्या. कुंकवाचा करंडा धाकट्या जावेच्या, वंदनाच्या हाती होता आणि उमेदवार मागच्या खोलीत बसल्या होत्या.

"हे मी नाई म्हणून राहिली, ताई. बायका मनात आणतेत," वंदना म्हणाली. "कुंकू झालं का भाषणाले बोलावतो तुमाले."

तेवढ्यात बाहेर कलकल झाली. कार्यकर्तीने भावना नावाच्या एका तरण्या विधवेला रांगेतून बाजूला काढले होते.

"काहून?" भावना ओरडत होती. "तुमची उमेदवार माह्यासारखीच हाय ना वं? तिले माहं मत चालते, अन् मले कुंकू चालत नाई?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. पांढरी साडी नेसून मते मागणारी ती आपणच! त्या ताडकन बाहेर आल्या. वंदनाच्या हातचा करंडा घेऊन त्यांनी भावनाच्या कपाळी कुंकू लावले आणि मान पुढे केली.

"आता मले लाव."

भावनाने चिमूटभर कुंकू घेऊन लावले. रांग जागच्या जागी मोडली. बायका पदर सावरत निघाल्या, वाण मात्र कोणी विसरले नाही.

"वहिनी, हे मत मांगायची जागा होती, सुधारणा कराची नाई!" महादेवराव दात-ओठ खात म्हणाले.

"मंग मले असं मांगून मिळालेलं मत नोको, गा," बाई म्हणाल्या.

त्या निवडणुकीत पडल्या. सहानुभूतीची लाट बाईंनी स्वतःच्या हाताने घालवली, असे पक्षाच्या बैठकीत ठरले. ते खरेच होते. आपण सारे विधवेला आमदार करायला एका पायावर तयार होतो. तिने फक्त विधवाच राहायला हवे होते.