इंजिनामागची नळी

संत्र्याच्या झाडाला आधी तहानेनं अर्धमेलं करायचं आणि मग पाणी पाजायचं, अशी सौंसरकडची रीत. मार्गशीर्षात बागेचं पाणी तोडतात. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड रडकुंडीला येतं, आणि मग नेमक्या वेळी पाणी सोडलं की थोड्याच दिवसांत ते पांढऱ्या फुलांनी लदबदून जातं. याला ताण देणं म्हणतात. ताण कमी पडला तर फूल कमी, जास्त झाला तर झाड सरपणाला. ती नेमकी वेळ ज्याला कळते तो बागवान. बाकीचे नुसते झाडांचे मालक.

पुंडलिकरावांना ती वेळ कळायची. रामाकोन्याच्या वाटेवरची बाग त्यांनी स्वतः लावली होती आणि पोटचं मूल नव्हतं म्हणून सगळे लाडकोड त्या झाडांचे झाले. पण त्या वर्षी पाणी तोडलं आणि आठवड्याच्या आत त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बाग त्यांच्या बायकोच्या, प्रेमलताच्या गळ्यात पडली. खाट तिनं दाराशी आणून ठेवली, म्हणजे पडल्यापडल्या झाडं तरी दिसतील.

एका सकाळी त्यांनी डाव्या हातानं बागेकडे बोट केलं आणि तेच बोट तोंडाशी नेलं. पाणी सोड. प्रेमलताला खूण बरोबर कळली. पण तिला वाटलं, अजून चार दिवस थांबू, बहर जास्त धरेल, आजारी माणसाला डोळे भरून फुलं दिसतील. दुसऱ्याच्या शहाणपणात आपली चिमूटभर भर घालण्याचा मोह भल्याभल्यांना सुटत नाही, तिथं तिची काय कथा. चार दिवसांनी कवडूनं विहिरीतल्या इंजिनाला हांडल मारलं तर ते दोनदा खोकललं आणि गप्प बसलं. डिझेलची नळी मागच्या बाजूला चिरली होती. तेल खडकावर ठिबकत होतं आणि इंजिन हवा पीत होतं.

कवडू म्हणजे त्यांच्याकडचा जुना सालदार, अंगापिंडानं पैलवान. इंजिन होतं पांढुर्ण्याच्या एका जिनिंगातून निघालेलं, म्हातारं. पंपाला फार खोलवरून पाणी ओढवत नाही म्हणून ते विहिरीत निम्म्यावर, भिंतीत कपार खोदून बसवलेलं. खोदणाऱ्यांनी खडकापुढे लवकर हात टेकले. कपार जेमतेम इंजिनापुरती झाली, आणि इंजिनाची पाठ नि खडक यांच्यात एक बारीक हात जाईल एवढीच फट राहिली. नळी नेमकी त्या फटीतून गेलेली. ती याआधीही दोन-तीनदा गेली होती, पण पुंडलिकराव काडीपैलवान. सदरा काढून, हाताला तेल चोपडून ते आत हात घालत आणि वर येऊन बढाई मारत की हे इंजिन मला सोडून कुणाला पाठ दाखवत नाही.

मोट असती तर प्रश्न नव्हता. पण इंजिन आलं तेव्हा स्वराज्य नवं होतं आणि जुनं मोडून टाकायची सगळ्यांनाच हौस होती. बैलजोडी विकली, मोटेच्या चामड्याच्या गावभर चपला झाल्या, बैलांची धावेची उतरती वाट खणून तिथं संत्री लावली. शेतकीचा मिस्त्री पूर्वी सौंसरला असायचा. पण नुकतंच नोव्हेंबरात भाषावार रचनेत राज्य मोडलं, नागपूर तिकडे गेलं, सौंसरच्या वाट्याला भोपाळ आलं, आणि मिस्त्री नागपूरवाल्यांच्या वाटणीत गेला. त्याच्या जागी नवा येणार होता. येणार होता म्हणजे आला नव्हता.

कवडू पांढुर्ण्याहून नवी रबराची नळी घेऊन आला. तीन वेळा विहिरीत उतरला. त्याचा हात मनगटापुढे शिरेना. मागून, खालून, इंजिनाखाली आडवं पडून, सगळं करून झालं, कोपर सोलवटलं. इंजिन उचलून वर काढायचं तर चेनकप्पी हवी आणि डझनभर गडी हवेत. शेजारच्या भगवंतरावांनी गडी देतो म्हटलं, पण कापूस वेचून झाल्यावर. कापूस तिकडे बोंडातून गळत होता, त्यांचंही काही चुकत नव्हतं.

प्रेमलता दिवसभर घागरी वाहू लागली. तीन-चार झाडं ओली होईपर्यंत खांदा निकामी झाला आणि मागची झाडं तशीच उभी. संध्याकाळी ती नखानं साल खरवडत ओळीओळीनं फिरली. साल आतून हिरवी निघाली तर झाडात जीव आहे. नदीकडच्या ओळींत ती तपकिरी निघाली. तिनं पुन्हा पुन्हा, निराळ्या झाडावर, निराळ्या फांदीवर खरवडून पाहिलं. चार दिवस मीच खाल्ले, असं ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला तिथं कुणी नव्हतं. घरी गेली तेव्हा पुंडलिकराव दाराकडे तोंड करून इंजिनाच्या आवाजाची वाट पाहत होते. तिनं खाट फिरवून ठेवली. एवढा वाईटपणा तिनं जन्मात केला नव्हता.

सकाळी ती कासोटा खोचून विहिरीत उतरली. कवडू धडपडत तिच्यामागे उतरला. बाईमाणसानं विहिरीत उतरायचं ते एकाच कामासाठी, असं त्याच्या डोक्यात. तिनं उजवा हात फटीत घातला. हात बारीक होता, सहज गेला, आणि मनगटाशी अडकला. संक्रांत होऊन चार दिवस झाले नव्हते. सासूनं, देवकाबाईनं, मुद्दाम कासारणीला घरी बोलावून हिरवा चुडा भरला होता, आजारी नवऱ्याच्या आयुष्यासाठी, नेहमीपेक्षा जास्त आणि नेहमीपेक्षा घट्ट. प्रेमलतानं तेल लावून ओढून पाहिलं. हात सुजला, चुडा हलला नाही.

कवडूला तिच्या मनातलं कळलं. तो एकदम मागे सरकला.

"बाई, असं करू नोका," तो म्हणाला. "दादा खाटेवर पडून हायेत. झाडं गेली तं पुन्हा लावू."

"त्याहिले पुन्हा लावाले कोण वेळ देऊन राहिलं, कवडू?"

बांगडी फुटली असं आपल्यात म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. प्रेमलतानं दोन्हीतला कुठलाच शब्द उच्चारला नाही. इंजिनाच्या चाकाच्या लोखंडावर तिनं मनगट आपटलं. नवऱ्यामागे बायकांचे हात असेच धरून आपटतात, ते तिनं पाहिलं होतं. आणि आता या खड्ड्यात आपण आपल्या हातानं त्यांचं मरण बोलावतोय, असं तिला अगदी खरं वाटलं. तरी तिनं काचा झटकल्या आणि हात आत घातला, कोपरापर्यंत, दंडापर्यंत. गाल गार लोखंडाला टेकला. दिसत काहीच नव्हतं. बोटांना जुनी नळी लागली, तिची चीर लागली. ती तिनं उपटून काढली आणि नवी इंजिनाच्या तोंडावर चढवली.

पण नळीवर तार आवळायला एक हात पुरेना. एकानं धरावं तर पिळणार कोण. कवडूनं पक्कड लावून पाहिली, काठीला आकडा करून पाहिला. नळी सटकायची आणि डिझेल तिच्या तोंडावर यायचं. चौथ्यांदा सटकली तेव्हा ती रडली, ओक्साबोक्शी, आणि कवडू पाण्याकडे पाहत उभा राहिला. मग तिनं डाव्या हाताकडे पाहिलं. एक हात भरलेला होता तोवर तिनं मनाशी म्हटलं होतं की अर्धं सौभाग्य तर शिल्लक आहे. आता तेही तिनं लोखंडावर आपटलं आणि दुसऱ्या बाजूनं हात घातला. खडकाला मिठी मारल्यासारखी ती इंजिनाला चिकटली. दोन्ही हात मागं भेटले. तिनं तार पिळली.

कवडूनं नळीतली हवा काढली, हांडल मारलं. इंजिन खोकललं, थांबलं, पुन्हा खोकललं आणि पुकपुक करत सुरू झालं. पाटाला पाणी लागलं. त्यानं पाया पडण्यासाठी वाकावं तसं वाकून पाण्याला हात लावला. तिनं पाणी पाहिलंसुद्धा नाही, ती घराकडे निघाली होती.

देवकाबाई अंगणातच होत्या. सुनेचे मोकळे हात पाहून त्या दारात आडव्या आल्या. बाजारातून चुडा भरून ये, तोवर उंबरा ओलांडू नको, असं त्या बजावू लागल्या. "पुंडलिकानं पाह्यलं तं हाय खाऊन मरन तो," त्या रडत म्हणाल्या. प्रेमलतालाही तेच वाटत होतं. पण आतून पुंडलिकरावांचा घशातला आवाज आला, इंजिन ऐकून ते तिला बोलावत होते. पदराखाली हात लपवून ती आत गेली.

ती खाटेशी बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. तुम्ही म्हणाला तेव्हा पाणी सोडलं नाही. नदीकडच्या ओळी गेल्या. बाकीच्या जगतील की नाही ठाऊक नाही. पुंडलिकराव ऐकत राहिले. मग त्यांनी डाव्या हातानं तिचा पदर बाजूला सारला. मागून देवकाबाईंनी तोंडावर हात घेतला.

मनगटाकडे त्यांनी पाहिलं नाही. ते पाहत होते ते वर, कोपरापासून दंडापर्यंत गेलेले ओरखडे, त्यांत बसलेलं काळं तेल. एकेका ओरखड्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग गोधडीवर पडलेला आपला निर्जीव उजवा हात डाव्या हातानं उचलला आणि तिच्या हाताशेजारी आणून ठेवला. त्या हातावर जुने पांढरे वण होते, त्याच जागी, तेवढेच लांब.