प्रतिपक्षाची ओळख

मौनी हे नाव वर्गाने त्याला पहिल्याच आठवड्यात बहाल केलं होतं, आणि त्यावर हरकत घ्यायलाही त्याने तोंड उघडलं नाही, म्हणून ते कायमचं चिकटलं. आंतरराष्ट्रीय संबंध शिकायला आलेला मुलगा, आणि बोलायची मारामार!

"हा राजदूत झाला तर युद्ध होणारच नाही," वसतिगृहातल्या खोलीत त्याचा जोडीदार वकील म्हणायचा, "कारण हा ते जाहीरच करणार नाही." वकील हेही टोपणनावच, वाद घातल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. तीन वर्षं दोघांचं चांगलं सूत जमलं होतं.

शेवटच्या वर्षी मॅडमनी वाटाघाटींचा सराव ठेवला. दोन काल्पनिक देश, त्यांतून वाहणारी एक नदी. वरच्या देशाचा प्रतिनिधी मौनी, खालच्याचा वकील. जो सरस ठरेल त्याला परदेशातल्या एका शांतता संस्थेत उन्हाळाभर काम करण्यासाठी विभागाची एकमेव शिफारस मिळणार होती. मौनीला ती जिवापाड हवी होती. मितभाषी माणसालाही या विद्येत जागा आहे, हे त्याला घरी दाखवायचं होतं, त्यातही वडिलांना.

तीन आठवडे त्याने धरणांच्या पातळ्या आणि जुने करार अक्षरशः घोकले. वाटाघाटींच्या टेबलावर तासभर तो आपल्या भूमिकेवरून तसूभरही हलला नाही. मग वकिलाने पेन खाली ठेवलं आणि तो गप्प झाला. एक मिनिट गेलं. तीन गेली. वकील निवांत खिडकीबाहेर पाहत होता. आणि मौनीला स्वतःचाच आवाज ऐकू आला, "ठीक आहे. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे ते तुम्ही ठरवा."

एका वाक्यात नदी गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी वकिलाची तयारीची फाइल नमुना म्हणून वर्गात वाचली. त्यात 'प्रतिपक्षाची ओळख' असं एक पान होतं.

"प्रतिनिधी आकडेवारीत पक्का आहे, युक्तिवादाने हलणार नाही. मात्र समोरच्याचा अबोला त्याला सोसवत नाही. लहानपणी वडील रागावले की आठ-आठ दिवस बोलत नसत. त्यांनी बोलावं म्हणून तो स्वतःची रंगपेटीसुद्धा धाकट्या भावाला देऊन टाकी. आपण गप्प बसावं. तो काहीतरी देईल."

"मौनी, मी उद्यापासून बोलत नाही हं," मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "तुझी सायकल दे!"

वर्ग खो खो हसला. वकीलही हसला, मग खाली पाहू लागला.

रंगपेटीची गोष्ट मौनीने आयुष्यात एकालाच सांगितली होती. वकील तापाने फणफणला होता, हा दुपारभर त्याच्या कपाळावरच्या ओल्या घड्या बदलत होता, आणि तो म्हणाला होता, "काहीतरी बोल ना रे." तेव्हा मौनीपाशी देण्यासारखं तेवढंच होतं.

"प्रतिपक्षाने शेरा लिहायचा," मॅडमनी फाइल त्याच्यापुढे सरकवली. "माहिती खोटी ठरली तर ही फाइल बाद, आणि शिफारस तुझी. तास संपल्यावर आणून दे."

वकिलाने त्याला व्हरांड्यात गाठलं. "अरे, मी त्या देशाबद्दल लिहिलंय, तुझ्याबद्दल नाही."

"त्या देशाला वडील आहेत?"

"तू माझ्या जागी असतास तर?"

"तुझंही बरंच काही माझ्यापाशी होतं," मौनी म्हणाला.

फाइलीत 'स्रोत' या शब्दापुढे 'प्रत्यक्ष निरीक्षण' असं सुबक अक्षरात लिहिलं होतं. 'सर्व खोटे' एवढे दोनच शब्द पुरेसे होते. पण लहानपणी त्याने वडिलांचा तो अबोला आठ-आठ दिवस खरोखर सोसला होता. त्याला खोटं म्हणायला हात धजेना. त्याने लिहिलं: 'माहिती खरी. स्रोत चुकीचा. हे मी त्याला सांगितलं होतं.'

मॅडमनी शेरा दोनदा वाचला, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, स्रोताच्या चुकीबद्दल एक गुण कापला आणि शिफारस वकिलाला दिली.

संध्याकाळी खोलीत वकिलाने विचारलं, "रागावलास?"

"नाही," मौनी म्हणाला. या खोलीत बोलण्याआधी त्याने शब्द तोलला, तो पहिल्यांदाच.

वकिलाचा जीव भांड्यात पडला. तो पलंगाच्या कडेवर टेकला आणि सवयीने मन मोकळं करू लागला. "खरं सांगू? मला तिथे जायची धास्तीच वाटतेय. कुणाला बोललो नाही, पण लहानपणी एकदा..."

"नको," मौनी म्हणाला. "मला काही सांगू नकोस."