फोटोपुरता कोट

मी एक कोट आहे. रंगाने काळा, अंगाने मध्यम. माझा धनी कोण, असे विचाराल तर मात्र मला उत्तर देता येणार नाही. कारण भिवंडीतल्या निम्म्या गल्ल्यांनी मला आपला म्हटले आहे, आणि तेही जेमतेम दोन मिनिटांपुरते.

माझा जन्म कापडाच्या एका दलालाच्या लग्नासाठी झाला. शिंपी वयस्क होता, हात सावकाश चाले, पण टाका कधी चुकला नाही. पुढल्या पाच वर्षांत दलालाची भरभराट झाली आणि ती नेमकी त्याच्या पोटावर दिसू लागली. मी बटणांपाशी मिटेनासा झालो, तेव्हा त्याने मला आपल्या मित्राच्या हवाली केले. हा मित्र म्हणजे मंडईजवळच्या गल्लीतले फोटोग्राफर नूर मोहम्मद.

त्यांचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, एक निळा पडदा, एक स्टूल आणि छत्रीखालचे दोन दिवे. आल्या दिवशीच त्यांनी कात्री घेतली आणि माझी पाठीची शिवण मानेपासून खालपर्यंत उसवली. मी फार दुखावलो. कोटाची पाठ उसवणे म्हणजे भल्या माणसाची भर चौकात पगडी उतरवणेच होय. पण लवकरच त्यातले शहाणपण मला उमगले. आता कोणत्याही आकाराचा मनुष्य माझ्यात मावू लागला. सडपातळ असेल तर पाठीमागून कपडे वाळत घालायचे चार चिमटे लावायचे. स्थूल असेल तर मला नुसते दोन्ही बाजूंनी लोंबू द्यायचे. समोरून साहेब, मागून दोरीवरचे धुणे.

त्या खोलीत मी माणसांचा पुष्कळ अभ्यास केला. रात्रपाळी करून आलेला लूमवरचा कारागीर केसांत कापसाचे तंतू घेऊन येई. खांदे पडलेले, नजर जमिनीवर. मी त्याच्या अंगावर चढलो की त्याची हनुवटी एक बोट वर येई आणि आवाज बदले. “चाचा, जरा जल्दी,” असे तो ऐटीत म्हणे, जणू बाहेर मोटार उभी आहे. मी उतरलो की तोच मनुष्य दाराशी थांबून हळूच विचारी, “चाचा, फोटो कब मिलेगा?”

मी त्याला कधी हसलो नाही. दिवसभर ज्याला सगळे ‘ए’ म्हणून हाक मारतात, तो हळूहळू स्वतःलाही ‘ए’ म्हणू लागतो. आपण कोण आहोत हे मनुष्य बव्हंशी दुसऱ्याच्या डोळ्यांत वाचतो, आणि ते डोळे बदलण्यासाठी तो मला अंगावर घेतो. गावी आईला फोटो जाई, आणि ती माउली तो देव्हाऱ्याशेजारी टांगत असे. त्यात कोणाचे काय बिघडले? तथापि या सगळ्यामुळे मला एक अहंकार जडला हे कबूल केले पाहिजे. माणसाला ताठ उभे करणारा मीच, असे मला वाटू लागले.

तो अहंकार इसवी सन २००४ च्या दिवाळीनंतर उतरला.

वडप्याहून ठकुबाई आपल्या भाच्याला घेऊन आल्या. भाच्याचे नाव प्रितम. वय पंचविशीचे, अंगाने मजबूत, बोलण्यात अडखळणारा. त्याच्या वडिलांचे शेत महामार्गालगत होते. ते विकले गेले, त्यावर गोदाम उभे राहिले, आणि त्याच गोदामात हा मुलगा ट्रकमधला माल उतरवण्याचे काम करी.

“नूरभाय,” ठकुबाई म्हणाल्या, “पोराला असा काढा का पोरीच्या बापानं दोनदा बघला पायजे.”

“चार कॉप्या देतो, ठकुबाय. चारदा बघू दे.”

खुंटीवरून मला काढलेले पाहताच प्रितम मागे सरला. “आते, कोट कशाला? मी कधी कोट घातलाय?”

“नवरदेव काय रोज घोड्यावर बसतो? एका दिवसापुरता बसतो, पन त्याला कोन खोटा बोलत न्हाय.”

“आणि काम काय सांगितलंस?”

“सुपरवायजर.”

“मी हमाल हाय, आते.”

“गोदामातच हाईस ना? मग झालं. खरं सांगून दोन ठिकानं गेली. ‘हमाल’ बोलला का पानी पन न पिता उठली लोकं. आता पडघ्याचं हे तिसरं हाय. पोरीच्या बापाचं, केसरीनाथाचं, नाव हाय तिकडं. गप उभा ऱ्हा.”

प्रितम गप्प उभा राहिला. मी त्याच्या अंगावर चढलो आणि मला जाणवले की मी नीट बसत नाही. ओझे वाहून वाहून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरला होता आणि लाकडासारखा घट्ट झाला होता. “उजवा खांदा वर,” नूर मोहम्मद म्हणाले. त्याने तो उचलून धरला. पाठीला तीन चिमटे लागले. फोटो उत्तम आला. तो पाहून प्रितमच्या तोंडावर आनंद दिसला नाही. एखाद्या परक्याशी ओळख करून दिल्यासारखा तो त्या फोटोकडे पाहत राहिला.

तीन आठवडे गेले. एका मंगळवारी पडघ्याहून दोघी मायलेकी स्टुडिओत आल्या. आई जानकीबाई, मुलगी भाविका. भाविका घरी ब्लाउज शिवत असे आणि दोरे, बटणे घेण्यासाठी भिवंडीत येई. तिने पिशवीतून दोन फोटो काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मागे स्टुडिओचा शिक्का होता, म्हणूनच तिला पत्ता सापडला.

“चाचा, हे दोघं भाऊ आहेत का?”

नूर मोहम्मदांनी चष्मा लावला. “नाही, बाय. हा टेमघरचा मितेश. हा वडप्याचा प्रितम.”

“मला दोन्ही स्थळं आली आहेत. मग एका कोटात दोघं कसे?”

तिने फोटोतल्या माझ्या डाव्या कॉलरवर बोट ठेवले. तिथे कोणे एके काळी उदबत्तीने पडलेले तांदळाएवढे छिद्र रफू केलेले आहे. दोन्ही फोटोंत ते दिसत होते.

“मी शिवणकाम करते, चाचा. एका हाताचे टाके दोन कोटांवर इतके सारखे येत नाहीत.”

“आगं बाय,” जानकीबाई म्हणाल्या, “म्हंजे तिसरा कोन आला तर तोबी हाच घालून येल.”

नूर मोहम्मद मनापासून हसले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. “कोट दुकानाचा, बेटी. माणूस ज्याचा त्याचा.”

“तेच तर कळत नाय. कोट बघून झाला, माणूस कुठाय?” भाविका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, कुतूहल होते. “दोघांना निरोप द्या. स्वतःच्या कपड्यांत एकेक फोटो काढा म्हणावं. आणि मागं आपल्या हातानं लिहा, काम काय करता ते. पुढल्या मंगळवारी मी येईन.”

निरोप गेले. मितेश दुसऱ्याच दिवशी नवाकोरा कोट घालून हजर झाला. बाहीवर दुकानाची चिठ्ठी तशीच शिवलेली होती. नूर मोहम्मदांनी ती दाखवून दिली तर तो म्हणाला, “राहू दे, चाचा. नवा हाय ते कळायला पायजे.” कोट त्याचा स्वतःचा होता, तेव्हा त्याने आज्ञा पाळली, हे मी न्यायाने सांगतो. फोटोमागे मात्र त्याने ‘बिझनेस’ एवढेच लिहिले.

शनिवारी ड्युटी संपवून प्रितम आला. अंगात खाकी अर्ध्या बाह्यांचा सदरा, उजव्या खांद्यावर गोणपाटाची घडी. त्याच्या पाठोपाठ ठकुबाई, हातात इस्त्रीचा पांढरा शर्ट घेऊन.

“हा घाल.”

“कोणाचा हाय?”

“माझ्या जावयाचा. ती स्वतःचा बोलली, तर आपला जावय काय परका हाय?”

प्रितमला हसू आले. मग तो स्टुलावर बसला आणि सावकाश बोलू लागला. तो इतका सलग बोलू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

“आते, आधीचे दोन नकार आले, ते मला आले. लागलं, पण माझे होते. आता होकार आला आणि तो या कोटाला आला, तर मी जन्मभर तिच्यासमोर काय घालून बसू?”

ठकुबाईंनी शर्ट छातीशी धरला. “आनि तिसरा पन नकार आला तर?” त्यांनी विचारले. त्यांचा आवाज ओला झाला होता. आई गेल्यापासून त्यांनीच त्याला वाढवले होते, आणि तो एकटा राहील ही धास्ती त्यांना झोपू देत नसे.

“तर तो पन माझाच.”

ठकुबाईंनी पांढऱ्या शर्टाची घडी घातली आणि ती पिशवीत ठेवून दिली.

प्रितम पडद्यासमोर उभा राहिला. पण हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. माझ्या खिशांची सोय नव्हती. त्याने हात बांधले, सोडले, मागे नेले. नूर मोहम्मद कॅमेऱ्यामागून म्हणाले, “ट्रक यायला उशीर झाला का कसा उभा राहतोस? तसा राहा.”

तो तसा उभा राहिला. एक हात कमरेवर, दुसरा गोणपाट सावरत. उजवा खांदा खाली उतरला होता. या वेळी नूर मोहम्मदांनी तो वर करायला सांगितले नाही.

मी खुंटीवरून पाहत होतो. त्याची मान ताठ होती, नजर सरळ होती, आणि त्याच्या अंगावर माझा एक धागाही नव्हता. इतकी वर्षे जे मी दिले असे मानत होतो, ते या मुलाजवळ आधीपासूनच होते. मला लाज वाटली. आणि खरे सांगतो, त्याहून अधिक अभिमान वाटला. हजारो छात्या मी झाकल्या आहेत, पण इतकी भरलेली छाती मी पाहिली नव्हती.

सोमवारी येऊन त्याने फोटोच्या पाठीवर लिहिले. अक्षर मोठे, शाळकरी. नूर मोहम्मदांनी ते मोठ्याने वाचले: ‘प्रितम सावळाराम. वडप्याच्या गोदामात हमाल आहे. सुपरवायझर हे आत्याने सांगितले, मी गप्प राहिलो, ती चूक माझी. गोदाम आहे ती जागा आमचे शेत होते.’

मंगळवारी मायलेकी आल्या. भाविकाने मितेशचा फोटो पाहिला, मग प्रितमचा. तो उलटला, वाचला, पुन्हा उलटला. जानकीबाईंनी खांद्यावरून डोकावून पाहिले.

“हमाल हाय गं.”

“हो. पण आपल्याला शोधून काढावं नाय लागलं.”

“आनि तो नव्या कोटाचा?”

“त्याचा कोट छान शिवलाय.” तिने तो फोटो बाजूला सारला. प्रितमचा फोटो मात्र तिने उजेडाकडे धरला आणि डोळे बारीक करून बराच वेळ पाहिला. “आई, याचा उजवा खांदा उतरलाय बघ. तयार शर्ट याला कधीच नीट बसला नसणार. उजवीकडे अर्धा इंच खाली घेऊन शिवावा लागेल.”

जानकीबाईंनी मुलीकडे पाहिले, आणि त्या काय समजायचे ते समजल्या. “बापाला काय सांगायचं?” त्यांनी विचारले.

“फोटोमागं लिहिलंय तेच.”

केसरीनाथांनी महिनाभर अबोला धरला असे ऐकतो. तरीही वैशाखात लग्न झाले. नूर मोहम्मद जेवायला गेले होते. मला आमंत्रण नव्हते, आणि तेच योग्य होते.

आज या गोष्टीला पाच वर्षे झाली. नूर मोहम्मदांचा मुलगा फरहान आता संगणकावर काम करतो. माणूस बनियनवर बसला तरी तो त्याला पडद्यावर कोट चढवतो, हवा त्या रंगाचा. त्या कोटाला वजन नाही, वास नाही, चिमटेही लागत नाहीत. मी दाराआड टांगलेला असतो. माझे अस्तर कसरीने खाल्ले आहे. दुकानाच्या काचेत मात्र नूर मोहम्मदांनी, त्या दोघांच्या संमतीने, खाकी सदऱ्यातला तो फोटो मोठा करून लावला आहे, कोटवाल्या साहेबांच्या ऐन मधोमध. कधी एखादा कारागीर त्यापाशी थांबतो, आत येतो आणि संगणकातला कोट मागायचा विसरतो. कधी कोणी मागतोही. दोघेही मला सारखेच प्रिय आहेत.

मित्रहो, माझे दिवस भरत आले आहेत, म्हणून एवढीच विनंती. कोणाच्या नजरेत उंच दिसावे म्हणून कोट घालावासा वाटला, तर खुशाल घाला. त्या इच्छेला हसणारा मी कोण? पण फोटो हाती आला की तो उलटा करा. ती बाजू कोरी असते. तिथे आपले नाव आणि आपले काम आपल्या हाताने लिहा, आणि मगच तो ज्याला द्यायचा त्याला द्या.