आतली शालू आणि पितळी लोलक

नौपाड्यातल्या त्या एसी हॉलात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर साक्षात अंतर्मनमहर्षी पंढरीनाथ. भगवी कफनी नाही, सूट. जपमाळ नाही, कॉलरला माईक. भक्तानं दोऱ्याला बांधलेला पितळी लोलक धरायचा, की तो आपोआप डोलून 'आतल्या मी'चं उत्तर द्यायचा.

"तुमचं मन म्हणजे हिमनग! वर दिसता ते तुम्ही नाहीच. खरे तुम्ही पाण्याखाली. आणि पाण्याखालच्याला सगळं ठाऊक असतं!"

कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या डेल्फिनला हसू आवरेना. तेवढ्यात शेजारची शालू उठून व्यासपीठाकडे निघाली आणि डेल्फिनचं हसू पळालं. शहाडची शालू तिची शाळेपासूनची मैत्रीण. छातीत गाठ. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करा म्हणून बजावलेलं, आणि पोराची हळद तोंडावर आलेली. आगरी घरात हळद लग्नाहून मोठी. तिथं नवरदेवाची आईच नसली तर गाव काय म्हणेल?

शालूनं लोलक तबकडीवर धरला. तबकडीवर दोन रेघा: उभी 'हो'ची, आडवी 'नाही'ची.

"ऑपरेशन करायला पाहिजे का?"

लोलक आडवा डोलू लागला.

"मी हात तरी लावला का?" महर्षी गरजले. टाळ्याच टाळ्या.

डेल्फिन तडक वर गेली. तिनं शालूच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. "आता विचार, मी शालू आहे का?" आणि गुपचूप तबकडी पाव फेरा फिरवली. शालूच्या लेखी 'हो' उभाच होता, म्हणून लोलक उभा डोलला. पण तिथं आता 'नाही'ची रेघ आलेली. हॉल खदखदून हसला.

"आतल्याला नाव नसतं!" महर्षींनी सारवासारव केली.

"नसू दे. पण त्याला समोरची तबकडी दिसत नाही आणि गाठीतलं बरं दिसतं?" डेल्फिन म्हणाली. "शालू, मनात असेल तिकडं बोटं नकळत हलतात. लोलक तूच हलवतेस."

शालूनं ओढणी काढली. "म्हंजी मघाशी 'नाय' मीच बोललेली?"

"तूच. घाबरलेली."

"भ्या वाटतंय गो, लय." शालू भर व्यासपीठावर रडली. मग डोळे पुसून तिनं पोराला फोन लावला. "हळद म्होरं ढकल. आधी माझं आपरेशन."

आपल्या आत आपल्यालाच न कळणारं पुष्कळ असतं, हे खरं. पण तेही आपणच, आपल्याच भीतीनं आणि हट्टानं भरलेले. त्याचं जरूर ऐकावं, त्याचा देव करू नये. आणि गाठ लागली हाताला, तर सरळ डॉक्टर गाठावा.